खुर्ची सोडणारा वकील

गेल्या दिवाळीत आमच्या यवतमाळच्या घरी पेढ्यांचा एक मोठा पुडा आला. मुंबईच्या एका मोठ्या वकिली पेढीत आमचा नातू भागीदार झाला, त्याचे ते पेढे. पेढीचे पेढे! आमच्या हिने पुडा देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिले आणि मग हळूच नातवाला विचारले, "भागीदार म्हणजे रे काय? दुकानात पैसे घातलेस की काय?"

नातू हसला. मला मात्र तो प्रश्न अगदीच काही हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. मी १९६८ साली सनद घेतली आणि चाळीस वर्षे यवतमाळच्या कचेरीत काळा कोट वागवला. पण आमच्या वकिलीला भागीदार कसला? एक टेबल, दोन खुर्च्या, कायद्याच्या पुस्तकांचे कपाट, आणि अशिलांना तारखा सांगणारा एक कारकून. बापाचे टेबल मुलाकडे जाई, एवढीच काय ती आमच्याकडची पेढी. नातवाची पेढी निराळी. तिथे दीडशे-दोनशे वकील एका छताखाली बसतात आणि त्यांचे काम हेलसिंकीपासून सिंगापूरपर्यंत चालते. कारखाने विकत घेणे, कर्जरोखे करणे, लवाद चालवणे, असल्या कामांत न्यायाधीशाचे तोंडही न पाहता वकिलाची सगळी हयात जाते. चांगली आठ-दहा वर्षे राबल्यावर त्यांतल्या एखाद्याला भागीदार करून घेतात. त्या दिवसापासून तो पगारदार राहत नाही. नफ्यातोट्याचा धनी होतो.

ही सारी कहाणी ऐकून ही म्हणाली, "मग तोंड का असे उतरलेले?"

बायकांच्या नजरेला उलटतपासणीची गरज लागत नाही, हे मी चाळीस वर्षांत शिकलो होतो. आज पुन्हा शिकलो.

एका सहीचा प्रश्न

रात्री जेवणे झाल्यावर ओसरीत तो माझ्याजवळ येऊन बसला. एका अशिलाच्या प्रकल्पासाठी पेढीने लेखी अभिप्राय द्यायचा होता. जमिनीच्या कागदपत्रांत काही वैगुण्य नाही, असे त्यात लिहायचे होते. नातवाने कागद पाहिले. काही गावकऱ्यांच्या हरकती कागदोपत्री निकालात निघाल्या होत्या, पण त्यांना नोटिसा नीट पोहोचल्याच नव्हत्या, असे त्याचे मत झाले. वरिष्ठांना तसे वाटत नव्हते. "तू आता भागीदार आहेस, सही तुझी," असे त्यांनी सांगितले होते.

"आणि तुला काय वाटते?" मी विचारले.

"आजोबा, कारकून असतो तर नाही म्हटले असते. भागीदाराला नाही म्हणता येत नाही. आता मीच पेढी आहे ना!"

वाक्य ऐकायला मोठे छान होते. कायद्याच्या दृष्टीने अर्धे खरेही होते. आपला भागीदारीचा कायदा १९३२ सालचा. त्यात म्हटले आहे की, प्रत्येक भागीदार हा पेढीचा मुखत्यार असतो. त्याने पेढीच्या कामात केलेल्या कृत्याने सगळी पेढी बांधली जाते, आणि पेढीच्या कर्जाला सगळे मिळून आणि एकेकटेही जबाबदार असतात. २००८ साली मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा नवा कायदा झाला आणि दुसऱ्याच्या चुकीपायी स्वतःचे घरदार जाण्याची भीती कमी झाली. पण स्वतःच्या सहीची जबाबदारी अजून कोणत्याही कायद्याने मर्यादित केलेली नाही.

उरलेले अर्धे मात्र तो विसरला होता. त्याच १९३२ च्या कायद्यात भागीदाराने निवृत्त कसे व्हावे, याचेही कलम आहे. बार कौन्सिलचे नियमही तेच सांगतात. घेतलेले काम वकिलाने मध्येच टाकू नये, पण पुरेसे कारण असेल तर वाजवी अवधी देऊन परत करता येते. म्हणजे घर बांधतानाच मागचे दार ठेवलेले आहे. ते दार उघडायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या छातीचा प्रश्न.

पण हे सगळे कलमांच्या भाषेत सांगून काय उपयोग? कलमे त्याला माझ्याहून जास्त पाठ. मी म्हटले, "उद्या सकाळी गाडी काढ. वणीला जाऊन येऊ."

वणीचा मुलगा

यवतमाळहून वणी म्हणजे दोन-अडीच तासांची वाट. दिवाळीच्या सुमारास दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला असतो. वणी जवळ आली की कोळशाच्या ट्रकांची रांग लागते आणि पांढऱ्या कापसाचा मुलूख एकदम काळा होतो. आजच्या पिढीला वणी ठाऊक आहे ती या कोळशामुळे. पण एके काळी साऱ्या जिल्ह्याचे नावच या गावावरून पडले होते. १९०५ पर्यंत यवतमाळ जिल्ह्याला 'वूण' जिल्हा म्हणत. 'वूण' म्हणजे इंग्रजांच्या जिभेवरची आपली वणी.

याच वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे यांचा जन्म झाला. पुढे सारा देश त्यांना लोकनायक बापूजी अणे म्हणून ओळखू लागला. लोकनायक म्हटले की आजच्या वाचकाला जयप्रकाश आठवतात. त्यांच्या कितीतरी आधी विदर्भाने ही पदवी आपल्या एका वकिलाला देऊन टाकली होती.

"वकील?" नातू गाडी चालवता चालवता म्हणाला. "मला वाटले पुढारी."

"आधी वकील," मी म्हटले. "आणि माझ्या मते शेवटपर्यंत वकील."

बापूजी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले. तीनेक वर्षे अमरावतीला मास्तरकी केली. मग कायद्याची परीक्षा देऊन १९०८ साली यवतमाळला वकिली सुरू केली. वाचकांनी हे साल ध्यानात ठेवावे. त्याच वर्षीच्या जुलैत लोकमान्यांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. टिळकांचा हा तरुण भक्त ज्या कायद्याची पुस्तके नुकतीच कपाटात लावत होता, त्याच कायद्याने त्याचे दैवत देशाबाहेर नेले.

आणि वऱ्हाडातला कायदा तरी कोणाचा? त्याचीही एक मौज आहे. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचा, आणि कारभार इंग्रजांचा. १९०२ च्या करारान्वये इंग्रजांनी हा प्रांत वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या खंडावर निजामाकडून कायमचा घेतला, आणि लगेच दुसऱ्या वर्षी मध्यप्रांताला जोडला. मोठे अपील नागपूरला ज्युडिशियल कमिशनरपुढे चाले. नागपूरला हायकोर्ट आले ते १९३६ साली. मालक एक, कुळ दुसरे, आणि न्याय तिसऱ्याच गावी! अशा मुलखात वकिली करणाऱ्याला आपोआपच एक गोष्ट समजते. कायदा म्हणजे काही देवाची अक्षरे नव्हेत. कोणीतरी कोणाशी केलेला तो एक करार असतो, आणि करार म्हटला की सही करणाऱ्याला विचारता येते, "हे तुम्हाला मान्य आहे काय?"

वऱ्हाडात त्या वेळी वकिलीला मोठा मान होता आणि मिळकतही होती. कापसाचा पैसा, सावकारी, जमिनीचे कज्जे, सगळे वकिलाच्या दारातून जाई. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे तर वकिलीच्या वैभवाबद्दल प्रसिद्धच. पण लोकमान्यांना शिक्षा होताच हेच दादासाहेब चांगली चाललेली वकिली सोडून त्यांच्या सुटकेच्या खटपटीसाठी विलायतेला गेले आणि दोन वर्षे तिथेच राहिले. बापूजींसमोर हा धडा होता. वकिलीत माणूस दोन गोष्टी मिळवतो, एक पैसा आणि दुसरी पत. पैसा कपाटात ठेवला तरी टिकतो. पत मात्र वेळ आली असता खर्च केली नाही, तर जागच्या जागी सडते.

विळा हाती घेतलेला वकील

बापूजींनी ती पत कशी खर्च केली, हे मी नातवाला वाटेत सांगत गेलो.

होमरूलच्या चळवळीत ते लोकमान्यांबरोबर होते. यवतमाळहून त्यांनी 'लोकमत' पत्र काढले. १९२० साली लोकमान्य गेले आणि काँग्रेसने असहकाराची वाट धरली, तेव्हा बापूजींना ती सगळी पटली नाही. मिळेल ते घ्यावे, अधिकासाठी भांडावे, कायदेमंडळात शिरून सरकारला धारेवर धरावे, ही लोकमान्यांची रीत त्यांच्या अंगात भिनलेली. म्हणून ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. १९२८ साली मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानच्या घटनेचा आराखडा करणारी समिती नेमली गेली, तिचेही ते सभासद होते. यवतमाळच्या कचेरीतला वकील देशाच्या घटनेचा मसुदा करायला बसला!

असा हा कायद्याच्या चौकटीत राहणारा माणूस १९३० साली कायदा मोडायला निघाला.

गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. विदर्भाला समुद्र कुठला? पण जंगल होते. ज्या रानात पूर्वापार गुरे चरत, त्या रानाला सरकारने 'राखीव' म्हणून कुंपण घातले होते. गवताच्या काडीलाही परवाना लागे. मिठाइतकीच ही गोष्ट गरिबाच्या घराला भिडणारी होती. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात बापूजींनी परवान्यावाचून गवत कापले. त्यांना अटक झाली आणि सहा महिन्यांची शिक्षा ठोठावली गेली. पन्नाशीला टेकलेला, कायदेमंडळात गाजलेला वकील गवताच्या पेंढीपायी तुरुंगात गेला.

"म्हणजे सनदेचा विचारच केला नाही?" नातवाने विचारले.

"केला असणारच," मी म्हटले. "वकील आहे तो. शिक्षेचा हिशेब विळा उचलण्याआधीच झालेला असतो. कायदा मोडायचा आणि शिक्षा टाळायची, हे चोराचे काम. कायदा मोडायचा आणि शिक्षा अंगावर घ्यायची, हीसुद्धा कायद्याची एक प्रकारची बूज आहे."

पुढे ते काँग्रेसच्या कार्यकारिणीत आले, आणि १९३३ साली बाकीचे पुढारी तुरुंगात असताना काही काळ काँग्रेसचे हंगामी अध्यक्षही झाले. आता या पदावर माणूस किती घट्ट बसेल! पण पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याचा प्रश्न आला. काँग्रेसने निवाडा स्वीकारायचाही नाही आणि धिक्कारायचाही नाही, असे मधले धोरण ठरवले. बापूजी आणि पंडित मालवीय यांना ते मान्य होईना. दोघे बाहेर पडले आणि त्यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला. त्यांचे मत बरोबर की चूक, यावर आजही वाद घालता येईल. मी स्वतः ते सगळे मानणारा नाही. पण हंगामी का होईना, अध्यक्षपदावर बसलेला माणूस एका ठरावाला मान डोलावता येत नाही म्हणून वर्षभरात बाहेरच्या बाकावर येऊन बसतो, हे मला महत्त्वाचे वाटते.

उशिरा आलेला राजीनामा

वणीच्या बाजारात आम्ही चहा घेतला. मी मुद्दामच तिथवर थांबलो होतो, कारण गोष्टीतला अवघड भाग आता येत होता. थोर माणसांच्या गोष्टी सांगताना अवघड भाग गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने गोष्ट गोड होते, पण ऐकणाऱ्याच्या उपयोगाची राहत नाही.

१९४१ साली बापूजींनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातली जागा पत्करली. परदेशातल्या हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे आले. म्हणजे आजच्या भाषेत ते सरकार नावाच्या पेढीत भागीदार झाले. आणि वर्षभरात १९४२ उजाडले.

आमच्या जिल्ह्यापासून फार दूर नसलेल्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूर गावी ऑगस्टच्या मध्याला लोकांचा उठाव झाला. जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर फौज आणि पोलीस गावात शिरले, आणि तिथल्या बायकांवर झालेल्या अत्याचारांच्या हकिकती बाहेर येऊ लागल्या. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी या चौकशीच्या मागणीसाठी दिल्लीला गेले ते थेट बापूजींकडे. विदर्भाचा माणूस सरकारात आहे, तर त्याच्याकडेच दाद मागावी, हा सरळ हिशेब. चौकशी मिळाली नाही. बापूजींनी त्या वेळी खुर्चीही सोडली नाही. भन्साळींनी उपास आरंभला, तो दोन महिन्यांवर चालला.

"मग?" नातवाचा चहा तसाच राहिला होता.

"मग १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी आगाखान महालात एकवीस दिवसांचा उपास धरला. सरकार त्यांना सोडीना. तेव्हा होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि बापूजी अणे, असे मंडळातले तीन सभासद राजीनामे देऊन बाहेर पडले."

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे चिमूरच्या वेळी चुकले?"

मी तरी काय सांगणार? आत राहून काही करता येईल, असे त्यांना वाटले असेल. वकिलाला तसे नेहमी वाटते. आणखी एक तारीख मिळाली तर निकाल फिरेल, असे म्हणत म्हणत आम्ही आयुष्ये घालवतो. पण मला विचाराल तर तो राजीनामा तीन महिने उशिरा आला. उशिरा आला, पण आला. कितीतरी लोकांचा येतच नाही. आणि पहिल्या दाराशी थबकलेला माणूस दुसऱ्या दाराने बाहेर पडू शकतो, हे तरी त्यावरून कळले. चुकलेल्या माणसाला यापरता दिलासा कोणता?

हिशेबाची वही

परतीच्या वाटेवर मी उरलेली हकिकत पुरी केली. त्याच वर्षी ते हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले आणि १९४७ पर्यंत तिथे राहिले. तिथल्या चहाच्या मळ्यांवर राबणाऱ्या हिंदी मजुरांचे प्रश्न त्या काळी ऐरणीवर होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जानेवारीपासून १९५२ च्या जूनपर्यंत ते बिहारचे राज्यपाल होते. मग वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, १९५९ साली, नागपूरच्या पोटनिवडणुकीत ते लोकसभेवर निवडून आले, आणि १९६२ साली पुन्हा, तेही अपक्ष म्हणून. विदर्भाचे वेगळे राज्य व्हावे, हे त्यांचे म्हणणे. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ते रुचणार नाही, पण सत्ता जिकडे होती तिकडे पाठ करून त्यांनी ते मांडले, हे त्यालाही मान्य करावे लागेल. गंमत पाहा, त्यांचे नातू श्रीहरी अणे महाराष्ट्राचे महाधिवक्ता झाले आणि २०१६ च्या मार्चमध्ये वेगळ्या राज्यांविषयीच्या आपल्या वक्तव्यांवरून वादळ उठताच पद सोडून मोकळे झाले. काही घराण्यांत दागिने वारशाने येतात. त्यांच्या घरात राजीनामा आला, असे म्हणायला हरकत नाही.

या सगळ्या धामधुमीत बापूजी एक काम मात्र कधीच सोडत नव्हते. संस्कृतात ते लोकमान्यांचे चरित्र श्लोकबद्ध करत होते. 'श्रीतिलकयशोर्णवः' हे त्या काव्याचे नाव. २६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताक दिनी, त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षीच्या पद्मविभूषणाच्या यादीत त्यांचे नाव आहे. काव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ साली, पाच वर्षांनी.

मी सनद घेतली तीही १९६८ सालीच. त्यांना कचेरीत पाहण्याचे भाग्य मला लाभले नाही. पण आमच्या बाररूममध्ये त्यांचे नाव निघाले की जुने वकील नकळत सावरून बसत. तरुणपणी मला वाटे, हे राज्यपालपदाला दिलेले मान आहेत. पुढे समजले की राज्यपाल पुष्कळ होऊन गेले. मान होता तो सोडलेल्या खुर्च्यांना.

"आजोबा," गावात शिरता शिरता नातू म्हणाला, "त्यांनी मिळवले किती?"

मी म्हटले, "रुपयांचा हिशेब मला ठाऊक नाही. दुसऱ्या वहीचा ठाऊक आहे. यवतमाळात मुलींचे एक कॉलेज त्यांच्या नावाने चालते, आणि तुझ्यासारख्याच्या मनात सहीचा प्रश्न आला की माझ्यासारख्या म्हाताऱ्याला गाडी वणीकडे वळवावीशी वाटते. एवढी शिल्लक आहे."

भाऊबीज झाली आणि तो मुंबईला गेला. काय ठरवले, ते सांगितले नाही. मीही विचारले नाही. अशिलाला सल्ला द्यावा, निकाल मागू नये.

पौषात एका रात्री फोन आला. त्याने सही केली नव्हती. हरकतींचा मुद्दा सविस्तर लिहून, पुरेसा अवधी देऊन, कागद परत केले होते. काम पेढीतल्या दुसऱ्या भागीदाराकडे गेले. पेढीने त्याला काढले नाही, आणि त्यानेही पेढी सोडली नाही. नफ्यातला त्याचा वाटा मात्र या वर्षी थोडा कमी धरला आहे.

"वाईट वाटले का रे?" मी विचारले.

"थोडे वाटले," तो म्हणाला. मग हसून म्हणाला, "पण आजोबा, दार कुठे आहे ते पाहून ठेवले आहे."

मी फोन ठेवला. ही स्वयंपाकघरातून विचारत होती, "काय म्हणतो? अजून भागीदार आहे ना?"

"आहे," मी म्हटले. "आता खरा झाला."